एक संगणक, अनेक हात
(वार्षिक सभेतील प्रशासकीय निवेदन)



आपल्या औदार्यामुळे रुग्णालयात संगणक आले व ते एकमेकांस जोडले गेले. नोंदणीच्या खिडकीवर लिहिलेली माहिती प्रयोगशाळेत व औषध विभागात तत्काळ दिसू लागली. रुग्णांचे हेलपाटे वाचले. मात्र या सोयीबरोबर आलेली जबाबदारी ओळखण्यास आम्हांस विलंब झाला, हे नम्रपणे कबूल केले पाहिजे.

नोंदणीचा संगणक तिन्ही पाळ्यांतील कर्मचारी एकाच पासवर्डने वापरीत असत. एके दिवशी खिडकीशी उभ्या असलेल्या गृहस्थांस शेजारच्या घरातील सुनेचा तपासणी अहवाल पडद्यावर उघडा दिसला. कोऱ्हाळ्यासारख्या गावात सायंकाळपर्यंत ती गोष्ट पारावर पोहोचली. अहवाल कोणी उघडा ठेवला, हे कळू शकले नाही. कारण संगणकाच्या लेखी सर्व कर्मचारी एकच होते. आम्ही त्या भगिनीची घरी जाऊन क्षमा मागितली. परंतु गावभर झालेली गोष्ट परत घेता येत नाही.

धोका केवळ गोपनीयतेपुरता नाही. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' या घातक प्रणालीने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील संगणक बंद पाडले व हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द झाल्या. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती अनेक ठिकाणी बसविलीच गेली नव्हती. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले आणि कित्येक दिवस काम कागदावर चालवावे लागले. जोडलेल्या संगणकांपैकी एक दुबळा असला तरी सर्वांस धोका पोहोचतो.

म्हणून आता प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड आहे. ज्याला ज्या कामापुरती गरज, तेवढीच माहिती त्यास दिसते. बाहेरचा पेन ड्राइव्ह लावण्यास मनाई आहे. नोंदींची प्रत रोज काढून ती डिस्क संगणकापासून अलग करून कपाटात ठेवली जाते. जोडून ठेवलेली प्रतही हल्ल्यात सापडू शकते.

आप्तजनांस विनंती, की ओळखीच्या भिडेने दुसऱ्याचा अहवाल मागू नये; नकार मिळाल्यास राग मानू नये. देणगीदारांस विनंती, की 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चा नियमित आधार थांबला असल्याने आमचे जुने संगणक बदलण्यास हातभार लावावा.

रुग्ण आपले दुखणे विश्वासाने सांगतो. तो विश्वास जपणे हाही उपचाराचाच भाग होय.