तीन फायली, एक यादी

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात, समजा, तुम्ही पाणीवापर संस्थेचं काम पाहता. पाटचारीच्या सफाईची एक फाइल, पाणीपट्टीची दुसरी, सभांची तिसरी. कामं विखुरलेली, नेमकं आजचंच राहून जातं.

इथं ‘ऑर्ग-मोड’ हा मोफत प्रोग्राम कामी येतो. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं तो २००३ साली लिहिला. मुद्द्याखाली पोटमुद्दे लिहायचे, उरलेल्या कामापुढे ‘टूडू’ आणि तारीख टाकायची. ‘अजेंडा’ उघडला की तिन्ही फायलींतली कामं तारखेनुसार एका पानावर! मूळ नोंद जागची हलत नाही, हे मला फार आवडतं. शिकायला जरा किचकट आहे खरं. आणि फायलींची नावं अजेंड्याला आधी सांगून ठेवा. न सांगितलेली फाइल तो उघडत नाही.