न पाहिलेल्या गुरूंचें स्मरण
(महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या निमित्तानें आपापल्या गुरूंचें स्मरण करावें, अशी आज्ञा चालकांनीं आम्हां सर्व वक्त्यांस केली आहे. आमच्या पूर्वीं बोललेल्या गृहस्थांनीं आपल्या शाळामास्तरांच्या गोष्टी सांगून आपणांस हंसविलें. आमची अडचण अशी कीं, ज्यांस आम्ही गुरु म्हणतों त्यांस आम्हीं डोळ्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. एकलव्याजवळ निदान मातीची मूर्ति तरी होती. आम्हांजवळ मुंबईच्या एका ग्रंथालयांतून आणलेलीं, पानें सुटलेलीं दोन पुस्तकें होतीं. त्यांचे कर्ते प्रोफेसर डोनल्ड क्रेसी हे अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. १९१९ सालीं ते जन्मले व १९८७ सालीं निवर्तले. गुन्हेगार आणि त्यांच्या टोळ्या हा त्यांचा अभ्यासविषय. मंगलप्रसंगीं हा विषय कोणास अशुभ वाटल्यास क्षमा असावी.

क्रेसी यांसही गुरु होते. इंडियाना विद्यापीठांतील प्रोफेसर एडविन सदरलंड हे एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. गुन्हा रक्तांतून येत नाहीं, तो संगतींत शिकला जातो, असें त्यांनीं नऊ सूत्रांत मांडलें. ही संगत झोपडीचीच असते असें नाहीं. सत्तर मोठ्या कंपन्यांविरुद्ध झालेले ९८० निर्णय त्यांनीं जमविले व १९४९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. प्रकाशकांनीं भिऊन कंपन्यांचीं नांवें गाळविलीं. तीं १९८३ सालीं, म्हणजे ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनीं, छापलीं गेलीं. सदरलंड १९५० सालीं वारले. त्यांचें पाठ्यपुस्तक पुढें आवृत्तीमागून आवृत्ति सुधारण्याचें काम क्रेसींनीं पत्करलें. त्या नऊ सूत्रांवर पंडितांनीं पुष्कळ टीका केली, क्रेसींसही तिची पुरी जाणीव होती; तथापि सूत्रांतील शब्द त्यांनीं बदलले नाहींत. घराची डागडुजी केली, वेदीस मात्र हात लाविला नाहीं. ही निष्ठा शास्त्रास धरून होती कीं नव्हती, याचा निर्णय विद्वानांनीं करावा. आम्हांस ती फार प्रिय आहे.

आमच्या दोन पुस्तकांपैकीं पहिलें १९५३ सालचें. विश्वासानें हातीं दिलेला पैसा माणूस कां खातो, हा त्यांतील प्रश्न. उत्तरासाठीं क्रेसी तुरुंगांत गेले, १३३ कैद्यांशीं बोलले. एक अनुमान बांधावें, त्याविरुद्ध एक जरी कैदी निघाला तरी तें टाकून दुसरें बांधावें, असा त्यांचा क्रम होता. शेवटीं जें उरलें तें असें: त्या माणसास कोणासही सांगतां न येण्यासारखी पैशाची अडचण असते; आपल्या जागेच्या बळावर ती गुपचूप मिटवितां येईल हें त्यास कळतें; आणि ‘मी चोरीत नाहीं, उसने घेतों आहें’ असे शब्द त्यास सांपडतात. आमच्या मतें यांतील पहिली गोष्ट सर्वांत भयंकर होय. अडचण नव्हे, तर ती सांगावयास कोणी नसणें.

दुसरें पुस्तक १९६९ सालचें. राष्ट्राध्यक्षांनीं नेमिलेल्या आयोगानें क्रेसींस संघटित गुन्हेगारीचा तपास करण्यास सांगितलें, तेव्हां देशव्यापी अशी कांहीं संघटना आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. कागदपत्र पाहून आपलें मत पालटलें, हें त्यांनीं उघड लिहिलें. विद्वानांत हा गुण दुर्मिळ आहे. चोवीस ‘कुटुंबें’, प्रत्येकाचा मुख्य, उपमुख्य, सल्लागार, असें चित्र त्यांनीं काढिलें. पुढें अल्बिनी, इआनी, स्मिथ इत्यादि अभ्यासकांनीं तें चित्र फारच कचेरीवजा व नेटकें आहे, असा आक्षेप घेतला. तो आम्हांस बराच खरा वाटतो. परंतु त्या टोळींत लांच चारण्याचें काम ही एक स्वतंत्र जागाच असते, व ती जागा भरण्यास पैसा तुम्हीं आम्हींच पुरवितों, हें जें त्यांनीं दाखविलें त्यास बाध येत नाहीं. आंकड्यावर लाविलेलें नाणें, वेळेला घेतलेलें चोरटें कर्ज, यांतूनच ती तिजोरी भरते. मुंबईंत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आंकडा चाले, पुढें मडक्यांतून चिठ्ठ्या निघूं लागल्या. त्याची झळ आपल्या गांवांसही लागली. लपवाछपवी कशास करावी? तरुणपणीं आम्हींही गंमत म्हणून आंकडा लाविला आहे. ती गंमत कोणाच्या घरीं किती महाग पडली, हें पुढें कळलें.

एका पतपेढीचे हिशेब तपासण्याचें काम आमच्याकडे होतें. नांव गांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथील कारकून आमचा बालमित्र. तीन वर्षें त्यानें ठेवींतून रक्कम काढिली, आणि तीनही वर्षें आम्हीं त्याच्या घरचा चहा घेऊन वह्यांवर सही केली. प्रकरण उघडकीस आलें तेव्हां ‘जातीचाच चोर’ हे शब्द सभेंत प्रथम उच्चारणारे आम्हीच. क्रेसींचें पुस्तक त्यानंतर वर्षभरानें हातीं आलें. उसने घेण्याचें प्रकरण वाचलें त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

तो सुटून आल्यावर आम्ही त्याच्याकडे गेलों. त्यानें पाट दिला, पाणी दिलें. सर्व हकीकत सांगितली: आंकडा, मग आंकड्याच्या देण्यासाठीं सावकार, मग सावकाराचा दारांत येऊन बसणारा माणूस. आम्हीं विचारलें, “अरे, इतक्या वर्षांत मला एका शब्दानें कां बोलला नाहींस?”

तो कांहीं वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “कोणाला सांगूं? हिशेब तपासायला तूंच होतास ना?”