जोखमीचे काम आणि सुरक्षिततेची शिस्त
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त राजेश्वर येथे दिलेले भाषण)



कारखान्यांतील सुरक्षिततेवर मी बोलावे असे ठरले, तेव्हा एका विश्वस्तांनी मला हळूच विचारले, “अहो, आपल्या राजेश्वरात कारखाना आहे कोठे?” प्रश्न रास्त आहे. पण आपल्या गावावरून जाणारा हैदराबाद-सोलापूर महामार्ग जरा डोळ्यांसमोर आणा. या रस्त्याने आपली मुले पटणचेरूच्या औषध कारखान्यांत जातात आणि पुणे-मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत जातात. कोणी आपल्याच जिल्ह्यात साखर कारखान्यात लागतो, कोणी वाडी-सेडमकडे सिमेंटमध्ये. गावात धुराडे नसले, तरी धुराड्याखाली आपली माणसे आहेत.

याच महामार्गावर, पटणचेरूजवळच्या पाशमैलारम येथे, ३० जून २०२५ रोजी सिगाची या कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. औषधाच्या गोळ्यांत घालावयाची सेल्युलोजची पूड तेथे तयार होत असे. चाळीसहून अधिक कामगार मृत्यू पावले. त्यांतले बरेचसे दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले होते. बारीक, कोरडी पूड हवेत उडाली आणि तिला ठिणगी लागली, तर ती दारूसारखी पेटते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साखरेचेही तसेच. अमेरिकेत जॉर्जिया प्रांतातील पोर्ट वेंटवर्थ येथे २००८ साली साखरेच्या धुळीचाच स्फोट होऊन १४ माणसे गेली. पहिला स्फोट एका बंदिस्त पट्ट्यात झाला. पण तुळयांवर, जमिनीवर साचू दिलेली साखरेची धूळ त्या धक्क्याने उधळली आणि आग इमारतभर पसरली. म्हणजे रोजची झाडलोट हेदेखील तेथे सुरक्षेचे काम होते.

आता कोणी म्हणेल, ही यंत्रयुगाची संकटे, आपल्या वाडवडिलांना यातले काय कळणार? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यांतून धान्याची पेवे असत. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून वाट पाहायची, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला की त्या दिवशी उतरणे नाही. घरात पाहुणे असोत की बाजारचा दिवस असो, यजमानाचा हुकूमही तेथे चालत नसे. (कारखान्याच्या टाकीत मात्र पेटता दिवा सोडू नये, तेथे पेट घेणारा वायू असू शकतो. त्यासाठी वायू मोजण्याचे यंत्र मिळते.) सांडपाण्याच्या आणि मळीच्या टाक्यांत आज जी माणसे दगावतात, त्यांची हकीकत बहुधा एकसारखी असते. एक उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्यासाठी तिसरा. सडक्या अंड्यासारखी घाण येते म्हणून कळेल, असेही समजू नये. तो वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. १९४८ च्या कारखाना कायद्यात याविषयी स्पष्ट लिहिले गेले: जाणत्या माणसाने टाकी तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचे साधन आणि कमरेला पट्टा असावा, पट्ट्याला दोर असावा, आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. पेवावरचे शहाणपणच ते, फक्त कागदावर आलेले.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतो. तो सांगताना मला अभिमान वाटत नाही. एका साखर कारखान्यात मी रात्रपाळीचा इंजिनिअर होतो. ऐन हंगामात गव्हाणीची साखळी तुटली. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, वरून दर दहा मिनिटांनी फोन. साखळी जोडून मंडळी बाहेर आली. मी चालू करण्यास सांगितले. पण जुना मिस्तरी जागचा हलेना. काम सुरू करण्यापूर्वी विजेचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवण्याची त्याची सवय होती. मी चारचौघांत त्याला नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, आत पाच गेले होते, बाहेर चार आले.” पाचवा, गुत्तेदाराकडचा एक पोरगा, पडलेला पाना शोधीत पट्ट्याखाली वाकलेला होता.

त्या रात्रीनंतर मला बरेच दिवस नीट झोप आली नाही. मिस्तरी त्या दिवशी रजेवर असता तर? फ्यूज खिशात ठेवावा असा कोठे नियम नव्हता. ती एका भल्या माणसाची सवय होती. सुरक्षा-व्यवस्था म्हणतात ती हीच, की मिस्तरी रजेवर असला तरी फ्यूज खिशातच राहिला पाहिजे. म्हणून प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप त्या खटक्याला लावावयाचे, किल्ली ज्याची त्याच्याकडे. पाच कुलपे निघाल्याशिवाय यंत्र फिरणार नाही.

कागदाचीही तीच गोष्ट. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर १६७ माणसे मृत्यू पावली. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. तशी चिठ्ठीही लिहिलेली होती! पण पाळी बदलताना ती रात्रीच्या मंडळींना कळली नाही, आणि दुसरा पंप बंद पडताच त्यांनी हा सुरू केला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या, आणि कारखान्याने आपल्या जोखमी स्वतः शोधून लेखी मांडाव्या ही रीत त्यानंतर तेलाच्या धंद्यात रुजली. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी चिठ्ठ्या महिनाअखेरीला एकत्र बसून भरतात. तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी हेल्मेटे वाटतात. मी हे पाहिले आहे, आणि अशा कागदापेक्षा कोरा कागद बरा, असे माझे मत झाले आहे. कोरा कागद निदान खोटे बोलत नाही.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात एक नवे प्रकरण घालण्यात आले. धोक्याच्या कारखान्यातील कामगाराला जिवावरचे संकट दिसले, तर ते वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क त्यात दिला गेला. हक्क चांगला, पण रोजंदारीच्या पोराने तो वापरावा कसा? उद्या गुत्तेदार त्याला बोलावणारच नाही. म्हणून ज्या ठिकाणी ‘थांबा’ म्हणणाऱ्याचा रोज बुडत नाही, तेथेच व्यवस्था आहे असे मी समजतो. या सभेत जे स्वतः गुत्तेदारी करतात, मुकादम आहेत, कारखान्यात अधिकारी आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या हाताखालचा पोरगा मागच्या वर्षात एकदाही ‘थांबा’ म्हणाला का, हे आठवून पाहावे. म्हणाला नसेल तर काम निर्धोक आहे असे समजू नये. तो भ्याला असेल.

ट्रस्टकडे माझी एक मागणी आहे. शिष्यवृत्त्या आपण देतोच. त्यासोबत कामावर निघालेल्या मुलांसाठी वर्षातून एक दिवस ठेवावा. वायू मोजण्याचे एक यंत्र, दोर-पट्टा आणि चार कुलपे घ्यावीत, आणि मुलांच्या हातून ती वापरून पाहावीत. शिकवायला मी येईन, मानधन नको. आणि आयांनो, मुलगा निघताना डबा भरला का हे तुम्ही विचारताच. त्याबरोबर टाकीत उतरावे लागते का, आणि लागलेच तर दोर कोण धरतो, एवढेही विचारून घ्या.