वर्गात झोप का येते? एसी, ताजी हवा आणि विजेचं बिल

मागच्या बाकावर बसून, एका कानात इअरफोन घालून हे ऐकत असाल, तर आजचा विषय खास तुमचाच आहे.

दुपारी दोनचं लेक्चर. एसी चालू, दारं-खिडक्या बंद, वर्गात साठ जण. वीस मिनिटांत अर्धा वर्ग पेंगायला लागतो. सर म्हणतात, "रात्रभर मोबाइल बघता, मग इथे झोपता." थोडं खरं असेलही. नुकतंच जेवण झालंय, हेही एक कारण. पण तिसरं एक कारण आहे, ज्याचं नाव कुणीच घेत नाही. त्या खोलीतली हवा.

मी बीटेक केलं आणि आता सॉफ्टवेअर लिहितो. इमारती हा माझा धंदा नाही. या विषयात शिरलो ते धाकट्या बहिणीमुळे. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजने वर्गांत स्प्लिट एसी बसवले आणि खिडक्या चक्क स्क्रू मारून बंद केल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचं डोकं धरायचं. आई म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तपासला, तर तेवढाच. डोकं हवेमुळेच दुखतं, असं मी डॉक्टर नसताना छातीठोकपणे सांगणार नाही. पण मी वाचायला बसलो, आणि पहिल्याच गोष्टीला थबकलो.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांमधून फक्त गॅस फिरतो. वर्गातली तीच हवा एसी ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो. म्हणजे तुम्ही सोडलेला श्वास थंड होऊन शेजारच्याकडे जातो!

आता छोटं गणित करू. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. साठ जणांचे झाले १,०८० लिटर. वर्ग ९ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच धरला, तर त्यात जवळजवळ २ लाख ४० हजार लिटर हवा मावते. भागाकार करा: तासाला ४,५०० पीपीएमची भर. बाहेरच्या हवेत असतात साधारण ४२० पीपीएम. म्हणजे पूर्ण बंद वर्गात पंधरा मिनिटांत आपण १,५०० ओलांडतो. दाराच्या फटीतून थोडी हवा येते, दार उघडतं-मिटतं, म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असेल. तरी दिशा तीच.

याने फरक पडतो का? हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजमधल्या प्रयोगशाळेत २४ जणांना ऑफिससारख्या खोलीत काम करायला बसवलं आणि त्यांना न सांगता हवा बदलत ठेवली. ५५० पीपीएमच्या तुलनेत ९४५ ला निर्णयक्षमतेचे गुण सुमारे १५ टक्के घसरले, १,४०० ला सुमारे ५० टक्के. प्रयोग लहान होता, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा मोठा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण कार्बन डायऑक्साइड वाढला, याचा सरळ अर्थ असा की आपण एकमेकांचा उच्छ्वास घेतोय. सर्दी-खोकला पसरायला हीच हवा लागते.

मग खिडक्या का उघडत नाहीत? ऑफिसमधून उत्तर येतं, "एसीची थंडी बाहेर जाते, बिल कोण भरणार?" प्रश्न रास्त आहे. माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा दिली, तर आकडा १,०५० च्या आसपास थांबतो. पण बाहेर ३८ अंश असताना तेवढी हवा २६ वर आणायला जवळजवळ दोन टनांचा एसी खर्ची पडतो, आणि यात दमटपणा धरलेलाच नाही. भुर्दंड खरा आहे. पण तो कमी करता येतो.

एक म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर. बाहेर जाणारी थंड हवा आत येणाऱ्या गरम हवेला शेजारून थंड करते, पण दोन्ही मिसळत नाहीत. चांगल्या यंत्रात निम्म्याहून जास्त थंडी वाचते. रस्त्यालगतच्या कॅम्पसमध्ये याला फिल्टरही लावता येतो, म्हणजे धूळ-धूर आत येत नाही.

दुसरं, एसी किती वर ठेवायचा? ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच भारतीय शहरांतल्या ऑफिसांमधून सहा हजारांवर उत्तरं गोळा केली. बाहेरचं सरासरी तापमान ३० असेल, तर कधी खिडकी, कधी एसी अशा इमारतीत लोकांना साधारण २६ अंश बरं वाटतं, असं त्यांच्या सूत्रातून निघतं. त्याच विद्यापीठात अशी एक नेट-झीरो इमारत आहे: हवा बरी असेल तेव्हा खिडक्या, उकाडा वाढला की कूलिंग. त्यात पंख्याची जोड द्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास.

तिसरं माझ्या धंद्यातलं. ट्रॅफिक नसताना सगळे सर्व्हर चालू ठेवले, तर मॅनेजर आपल्याला उभं-आडवं घेईल. कॅम्पसमध्ये मात्र रिकाम्या वर्गात एसी सुरूच असतो. कुठल्या खोलीत कधी किती जण बसणार, हे टाइमटेबलमध्ये आधीच लिहिलेलं आहे. ते एसीच्या कंट्रोलला जोडा, सोबत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावा. माणसं असतील तेव्हाच आणि तेवढीच हवा. रिकाम्या खोल्यांत वाचलेली वीज भरलेल्या खोल्यांच्या ताज्या हवेला वापरा.

एवढं होईपर्यंत थांबायची गरज नाही. दोन लेक्चरच्या मधे दहा मिनिटं एसी बंद करून समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. एनडीआयआर प्रकारचा मीटर चार-पाच जणांत मिळून घ्या. अगदी स्वस्त मीटर बऱ्याचदा दुसरेच वायू मोजून अंदाज सांगतात, ते टाळा. आठवडाभर आकडे लिहा आणि तो कागद प्राचार्यांकडे न्या. सोबत एकच प्रश्न: "सर, या वर्गात ताजी हवा कुठून येते?" त्यांना नुसतं भिंतीवरच्या एसीकडे बोट दाखवता आलं, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

तुमच्या वर्गात आकडा किती आला, मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, जमलं तर आत्ताच उठून एक खिडकी उघडा.