तिसऱ्या पाळीची झोप आणि नकोसे फोन



तिसरी पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात कामगारांना उतरवतात. ओटा स्कीम, यमुनानगर, रुपीनगर इथल्या घरांतून आठ-नऊच्या सुमाराला पडदे ओढले जातात, पोरांना दटावून गप्प बसवलं जातं आणि रात्रभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस आडवा होतो. अकरा वाजता फोन. "सर, पर्सनल लोन हवंय का? प्री-अप्रूव्ह्ड आहे." अर्ध्या तासानं दुसरा, तळेगावच्या प्लॉटचा. फोन बंद ठेवावा, तर गावी म्हातारे आईवडील आहेत, सुपरवायझरचा निरोपही कधी येईल सांगता येत नाही. ही झोपमोड घेऊनच तो रात्री पुन्हा प्रेसवर हात घालतो. म्हणून या फोनांना नुसता वैताग म्हणून सोडून द्यायला माझी तयारी नाही.

कायद्यानं लोकांच्या झोपेचा विचार केलाच नाही, असं नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१० च्या नियमांनी रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातीच्या फोनांना मनाई केली. पण ती रात्री झोपणाऱ्यांची सोय झाली. २०१८ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकलं. असे फोन कोणत्या वेळेत नकोत, कोणत्या वारी नकोत, हे ग्राहकानं स्वतः नोंदवायचं. पाळीत काम करणाऱ्या आपल्या पट्ट्याला याहून उपयोगी तरतूद नाही, आणि तिच्याबद्दल इथे कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. सगळंच बंद हवं असेल तर १९०९ वर फोन करा, किंवा इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, जागा सोडून शून्य टाका आणि त्याच नंबरला एसएमएस करा.

त्यानंतरही फोन आला तर तक्रारही १९०९ वरच. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. नोंदणी न केलेल्या फोनवाल्यावर कारवाई करायला मोबाइल कंपनीला तीस दिवस होते, ते पाचावर आले. साध्या दहा आकडी नंबरवरून धंदा करणाऱ्यांविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडीची, म्हणजे असे फोन नकोत अशी, नोंद असण्याचीही गरज उरली नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी जमल्या की त्या नंबरवर गदा येते.

पण यात झोप ज्याची मोडली त्याच्या हाती काय पडतं? काहीच नाही. नंबर बंद होतो, दंड झालाच तर तो दुसरीकडे जमा होतो. अमेरिकेत १९९१ साली केलेला कायदा याबाबत वेगळा आहे. नियम मोडून केलेल्या फोनसाठी, तसंच न मागता पाठवलेल्या जाहिरातीच्या फॅक्ससाठी, नागरिक स्वतः कोर्टात जाऊन दर खेपेला पाचशे डॉलर मागू शकतो. मुद्दाम केल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट ती रक्कम पंधराशेपर्यंत नेऊ शकतं. फॅक्समध्ये तर कागद आणि शाई घेणाऱ्याचीच खर्ची पडते, त्यामुळे नुकसान डोळ्यांना दिसतं. झोपेचं नुकसान दिसत नाही, एवढाच फरक. आपल्याकडे असा ठरलेला दर नाही. तो असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तोवर दार बंद आहे का? नाही. दिल्लीतल्या एका वकील महिलेच्या तक्रारीवर तिथल्या राज्य ग्राहक आयोगानं २००६ मध्ये मोबाइल कंपनी, मोबाइल कंपन्यांची संघटना आणि दोन बँका यांना मिळून ७५ लाखांचा दंड केला, तिला ५० हजारांची भरपाई देवविली. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या आणि तो आदेश रद्द झाला. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०११ मध्ये तिथे निकाल लागला, की राष्ट्रीय आयोगाकडे अपील करायची वाट मोकळी असताना उच्च न्यायालयानं ही याचिका घ्यायलाच नको होती. पाच वर्षं त्या बाईंनी पिच्छा सोडला नाही, याचं मला मोठं मोल वाटतं.

मधल्या काळात एक अडसर उभा राहिला होता. २००९ च्या एका निकालाचा आधार घेऊन टेलिफोन कंपन्या म्हणू लागल्या, की आमच्याविरुद्धची तक्रार ग्राहक मंचात चालतच नाही. तो अडसर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दूर केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं मूळ गाव कन्हेरसर, आपल्या चाकणच्याच खेड तालुक्यातलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचं नावच घातलेलं आहे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ज्या बिल्डरकडून तुम्ही काही घेतलं नाही, त्याचे तुम्ही ग्राहक ठरत नाही. पण तुमच्या मोबाइल कंपनीचे तुम्ही पैसे मोजणारे ग्राहक आहात. नोंद केली, तक्रारी दिल्या, तरी फोन थांबले नाहीत, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. बोट त्या कंपनीकडे हवं. फोनवर बोलणाऱ्या मुलीवर ओरडू नका. तीही टार्गेटच्या ओझ्याखाली बसलेली, आपल्याच एखाद्या शेजाऱ्याची लेक असते.

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातच सुरू केली. सामान्य माणसानं आपली तक्रार आपणच मांडावी, हा त्या चळवळीचा आग्रह. पुणे जिल्हा ग्राहक आयोगात वकील लावण्याची सक्ती नाही. राहत्या ठिकाणच्या जिल्ह्यात दावा टाकता येतो आणि मोजलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची. डीएनडी नोंदणीचा एसएमएस पुसू नका, प्रत्येक फोनचा नंबर, तारीख, वेळ वहीत उतरवा, तक्रार क्रमांक जपा. पाळीचं वेळापत्रक आणि हजेरीचा उताराही सोबत जोडा. सकाळी अकराचा फोन म्हणजे तुमच्यासाठी मध्यरात्रीचा फोन, हे आयोगाला त्या कागदावरूनच कळेल. आणि भरपाईची रक्कम अर्जात आकड्यात लिहा.