पाखरांना वाट कोण दाखवते?



थंडी पडू लागली की सातारा जिल्ह्यात मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर पाहुणी पाखरे उतरतात. येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेस मिळते. या काठांवर शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी तुम्ही पाहिलाच असेल. जेमतेम दोन तोळ्यांचा हा जीव हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. त्याला वाट कशी सापडते?

शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखविले आहे की, पाखरे दिवसा सूर्यावरून आणि रात्री ताऱ्यांवरून दिशा ओळखतात. पृथ्वीचे चुंबकत्वही त्यांना जाणवते. पण दिशा कळली म्हणजे ठिकाण सापडले असे नव्हे.

पर्डेक या डच शास्त्रज्ञाने 1958 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. साळुंकीच्या कुळातील हजारो प्रवासी पाखरे हॉलंडमध्ये पकडून, पायांत कडी घालून, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडली. पूर्वी प्रवास केलेल्या थोरांनी दिशा बदलली आणि ती आपल्या नेहमीच्या मुलखाकडे वळली. पहिल्याच प्रवासाला निघालेली पिल्ले मात्र उपजत दिशेनेच उडत राहिली आणि काही तर थेट स्पेनमध्ये पोहोचली. त्यांच्या पंखांत बळ होते, दिशाही होती. ठिकाणाची ओळख तेवढी नव्हती.

पालकहो, आपल्या कित्येक घरांतून यंदा पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजात जाईल. आपण स्वतः ती वाट चाललो नसू, तर त्यात कमीपणा नाही. वाट जाणणाऱ्याकडे मुलाला न नेणे, हा मात्र त्याच्यावर अन्याय आहे.

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (1896–1987) यांचेच पाहा. लहानपणी त्यांना पिवळ्या गळ्याची एक चिमणी मिळाली. तिची जात मामा अमिरुद्दीन तय्यबजींनाही ओळखता येईना. पण त्यांनी भाच्याचा प्रश्न उडवून लावला नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीतील मिलर्ड साहेबांकडे त्याला पाठविले. साहेबांनी जात सांगितली आणि संग्रहातील पक्ष्यांचे खण त्याच्यापुढे उघडले.

तेव्हा शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश यांविषयी शिक्षकांना विचारा, पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. आणि मुलांइतक्याच मुलींसाठीही विचारा. विद्यार्थ्यांनो, तुम्ही पोहोचलात की मागून येणाऱ्यांना वाट सांगा.

खुदा हाफिज. जयहिंद!