डॅशबोर्डवरचा लाल दिवा

मागच्या वेळी आपण गटाच्या नोंदवहीबद्दल बोललो, आज गाडीबद्दल बोलायचंय. हसू नका. आमच्यात मेकॅनिक कुणी नाही, समन्वयक तर इतिहास घेऊन बी. ए. झालेली. पण मसाले आणि पापड आठवडी बाजारात न्यायला गटाने जुनी गाडी घेतली, आणि गाडी गटाची झाली की तिचं दुखणंही गटाचंच.

पावसाळा सरताना डॅशबोर्डवर एक लाल दिवा दिसू लागला. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असं त्यावर चित्र. आधी गाडी खड्ड्यात आदळली की लागायचा आणि विझायचा, मग कायमचा लागला. गाडी चालत होती, ब्रेक लागत होते. खजिनदार काकू म्हणाल्या, "दिव्याला काय खायला लागतं? राहू दे की." खरं सांगायचं तर तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. महिनाभर आम्ही तसेच घाटातून ये-जा करत राहिलो.

मग एका दुपारी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं. किल्ली फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो, तेवढ्यात यंत्रणा स्वतःची तपासणी करते आणि सगळं ठीक असेल तर दिवा विझतो. विझला नाही तर एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. गटात लायसन्स एकाच वहिनींकडे, आठवड्यातून तीनदा त्याच स्टिअरिंगमागे बसतात. ते वाचून झाल्यावर काकूही गप्प झाल्या.

पहिल्या गॅरेजवाल्याने उपाय सांगितला, "ताई, बल्बच काढून टाकतो." म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडायचा! जुनी गाडी घेणाऱ्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवा. किल्ली फिरवल्यावर हा दिवा अजिबात लागलाच नाही, तर तेही वाईटच. कुणीतरी आधीच हा उद्योग केलेला असू शकतो.

दुसऱ्याने गाडीला हातही न लावता सांगितलं, मेन कंट्रोल युनिट गेलं, बावीस हजार लागतील. त्या महिन्यात दोघींना कर्ज द्यायचं ठरलं होतं, एकीला शेळ्यांसाठी आणि एकीला मुलाच्या फीसाठी. बावीस हजार गेले असते तर दोघींनाही थांबावं लागलं असतं. बैठकीत बराच वाद झाला. शेवटी ठरलं, आधी बिघाड नेमका कुठे आहे ते कळू दे, मग पैसे.

तालुक्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक दादा आहेत. त्यांनी स्कॅनर लावला. मोबाईलला जोडायची स्वस्त यंत्रं बहुतेक इंजिनाचेच कोड दाखवतात, एअरबॅगचे वाचणारा स्कॅनर वेगळा लागतो. कोड आला, पुढच्या डाव्या सेन्सरचं सर्किट तुटलंय. आम्ही लगेच म्हटलं, मग सेन्सर बदला. दादा म्हणाले, "कोड फक्त गल्ली सांगतो, घर आपण शोधायचं."

आमच्या गाडीत पुढच्या बंपरच्या मागे दोन सेन्सर आहेत, डावा आणि उजवा. गाडीचा वेग एकाएकी तुटला की ते मधल्या कंट्रोल युनिटला खबर देतात, आणि एअरबॅग उघडायची की नाही ते युनिट ठरवतं. सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. खबर नेणारी वायरच तुटली तर?

काम सुरू करण्याआधी दादांनी किल्ली काढली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि आम्हाला चहा प्यायला पाठवलं. बॅटरी काढली तरी युनिटमध्ये थोडी वीज साठून राहते, ती उतरेपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. नाहीतर हात लावताना एअरबॅग फुटू शकते. एअरबॅगलाच मीटर लावायचा नाही, हेही त्यांनी बजावलं. मीटरच्या विजेनेही ती उडू शकते. म्हणून मैत्रिणींनो, हे घरी करून बघायचं काम नाही. आपण फक्त प्रश्न विचारायला शिकायचं.

दोन्ही सेन्सर एकाच नंबरचे होते, म्हणून दादांनी त्यांची अदलाबदल केली. कोड उजवीकडे गेला असता तर सेन्सर खराब. कोड डावीकडेच राहिला. मग पुन्हा बॅटरी सोडवून, युनिटकडचं कपलरही काढून, दोन्ही टोकांना मीटर लावून वायर तपासली. वायर हलवली की मीटर बोलायचा, सोडली की गप्प. हेडलाइटच्या मागे गुंडाळी सोडवली आणि सापडलं. उंदराने वरचं आवरण कुरतडलं होतं, आतल्या तांब्याचे दोन धागे शिल्लक, तेही पाणी जाऊन हिरवे पडलेले. खड्ड्यात दिवा का लागायचा ते तेव्हा उमगलं. गाडी आम्ही धान्याच्या कोठीशेजारी लावायचो, उंदराचा तरी काय दोष!

आम्ही विचारलं, पीळ देऊन टेप मारली तर? दादांनी कंपनीची दुरुस्तीची सूचना दाखवली. या गाडीत एअरबॅगच्या वायरीला जोड देायची परवानगी नाही, तो तुकडा पूर्ण बदलायचा. जोड सैल पडला किंवा गंजला तर नेमक्या वेळी खबर पोचणार नाही. तुकडा यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस गाडी उभी ठेवली आणि पापडाचे डबे एसटीने नेले. कंडक्टरशी दोनदा भांडण झालं, ते असो. सेन्सर बसवताना दादांनी त्यावरचा बाण पुढच्या दिशेला आहे ना ते पाहिलं आणि बोल्ट मापाच्या पान्याने आवळले. कोड पुसला. मजुरीसकट सगळे मिळून चार हजार आठशे झाले. दोघींची कर्जं ठरल्या तारखेला दिली.

त्या निमित्ताने आमच्या दोन सवयीही सुटल्या. समोरच्या सीटवर मांडीत पोर घेऊन बसायची आमची पद्धत होती. एअरबॅग इतक्या जोराने उघडते की मांडीतल्या लेकराला तीच मारक ठरेल. आता पोरं मागे बसतात. आणि डॅशबोर्डवर बरोबर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला गणपती आम्ही नमस्कार करून काढला, कारण झाकण उडालं की मूर्ती थेट तोंडावर येणार. तो आता मसाल्याच्या खोलीत आहे. सीटबेल्ट मात्र दोघींनी लावायचाच. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला आहे, बेल्टऐवजी नाही.

गाडी आता कोठीपासून लांब, पत्र्याच्या शेडमध्ये लावतो. वहिनी किल्ली फिरवतात तेव्हा मागे बसलेल्या सगळ्याजणी मोठ्याने मोजतात, एक, दोन, तीन... दिवा विझला की काकूच म्हणतात, "हं, चला आता."